पाणी बदलण्याची रीत

"थांबव रे ती गाडी! पानी राह्यलं त्याचं! पान्याबिगर कुठे चाललास, कोकण्या?"

हा आवाज आमच्या गाडीच्या मागून येत होता, आणि तो ऐकून गास गावातल्या माडांवरून निदान दहा-बारा नारळ खाली पडले असतील. आमची भाड्याची गाडी वाडीचं फाटक सोडून केव्हाच चर्चच्या वळणाला लागली होती. ड्रायव्हर विरारचा, नवखा. त्याने असा काही ब्रेक दाबला की आईच्या हातातली दह्याची वाटी थेट माझ्या नव्या शर्टावर आली. मी मागच्या काचेतून पाहिलं. आमचे घरमालक आबा, वय वर्षं सत्तर, अंगात बनियन, कमरेला पंचा, दोन्ही हातांत एकेक काचेची बाटली उभी धरून पळत येत होते. बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या आणि त्यांतलं पाणी तसूभरही हलत नव्हतं. खोटं वाटत असेल तर आमच्या वडिलांना विचारा. ते आता नाहीत, पण असते तर हेच म्हणाले असते.

त्या बाटल्या राहिल्या नव्हत्या, मी ठेवल्या होत्या. विमानात वीस किलोच सामान चालणार, त्यात आईचं मेतकूट, भाजणी, चिवडा आणि एक लोखंडी तवा. सगळ्यात निरुपयोगी काय, तर पाणी. विलायतेत पाणी नसतं का? म्हणून मी निघताना दोन्ही बाटल्या हळूच तुळशीमागे सारल्या होत्या.

आबांनी दार उघडलं आणि बाटल्या माझ्या मांडीवर ठेवल्या. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

"ही तुझी," ते म्हणाले. "आनि ही दोर बांधलेली, ती त्याची."

कोणाची, असं मी विचारलं नाही. गाडीतल्या सगळ्यांनी एकदम बाहेरची केळी बघायला सुरुवात केली. त्या घरात आठ वर्षं 'त्याची' म्हणजे एकाच माणसाची, आणि त्या माणसाचं नाव आठ वर्षांत आबांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

आम्ही मूळचे कोकणातले, वडील मुंबईत कचेरीत. मी चौथीत असताना आबांच्या वाडीच्या कडेच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने आलो ते वर्षभरासाठी, आणि पंधरा वर्षं राहिलो. वाडी म्हणजे पानवेली, केळी, सोनचाफा आणि मधोमध विहीर. आबा घरात त्यांच्या जुन्या बोलीत बोलत, ती आम्हाला निम्मी कळायची. आमच्याशी मात्र शाळेतलं मराठी. फक्त राग आला किंवा घाई झाली की त्यांच्या तोंडातला 'ण' नाहीसा व्हायचा. 'पाणी' म्हणाले तर सगळं ठीक. 'पानी' म्हणाले की आम्ही पोरं फाटकावरून खाली उतरायचो.

आबांची शेती चांगली होती, पण त्यांची ख्याती शेतीची नव्हती. त्यांची ख्याती जिभेची. कुठल्याही विहिरीचं पाणी डोळे बांधून चाखवा, ते आळी सांगायचे, वाडी सांगायचे, आणि बरा मूड असेल तर विहिरीत अलीकडे पोहरा पडला होता का तेही सांगायचे. चाखण्याची त्यांची एक पद्धत होती. घोट तोंडात घ्यायचा, डावा डोळा मिटायचा, आणि मान किंचित डावीकडे कलवायची, कोणी कानात काही सांगत असल्यासारखी. मग गिळायचं. मग पाच-सात श्वास काही बोलायचं नाही. तेवढ्या वेळात जमलेली माणसं चुळबुळायची, कावळासुद्धा ओरडायचा थांबायचा. आणि मग निकाल. नवी विहीर खणली की लोक आधी पूजा करायचे, मग आबांना बोलवायचे. काही जण आधी आबांना बोलवायचे. पूजेचा खर्च वाया जायला नको.

ते स्वतः कुठे गेले नव्हते. पूर्वेला चांदीपपर्यंत, तिथे त्यांची बहीण दिलेली, आणि दक्षिणेला एकदा दादरपर्यंत. दादरहून त्याच दिवशी परत आले. तिथलं पाणी 'थकलेलं' होतं म्हणे. पण गावातली माणसं जगभर जायची. कोणी आखातात, कोणी बोटीवर, कोणी कॅनडात. आबांचा प्रत्येकाला एकच हुकूम: येताना तिथलं पाणी आणायचं. त्यामुळे त्यांच्या ओटीवर एक जाळीचं कपाट होतं आणि त्यात बाटल्याच बाटल्या. बाटल्या रमच्या, सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या. आणि प्रत्येकीवर वहीच्या कागदाची चिठ्ठी. मस्कत. बहरीन. टोरांटो. सिंगापूर. लोक नकाशात जग बघतात, आबांनी ते घोटाघोटाने पाहिलं होतं.

दुबईचं पाणी चाखून ते म्हणाले होते, "हे पाणी नाही. समुद्राची समजूत घालून आणलंय." टोरांटोचं पाणी त्यांच्या मते माणूस म्हणून बरं होतं, पण बोलायचं नाही. सिंगापूरचं घशातून रांगेने उतरायचं, मध्ये कोणी घुसायचं नाही. एकदा बोटीवरचा एक खलाशी येताना बाटली विसरला, आणि आबांच्या धाकाने त्याने नालासोपाऱ्याला एसटी स्टँडच्या नळावर बाटली भरून ती 'रॉटरडॅम' म्हणून दिली. आबांनी चाखलं. डावा डोळा मिटला, उघडला. म्हणाले, "रॉटरडॅमला एसटी कधी सुरू झाली?" तो माणूस त्यानंतर दोन वर्षं गावात मागच्या रस्त्याने येत असे.

जाणाऱ्यांसाठी त्यांची दुसरी रीत होती, आणि ती मात्र चेष्टेची नव्हती. पानवेलीचं रोप दुसऱ्या वाडीतून आणलं की आबा त्याच्याबरोबर त्या वाडीच्या विहिरीचं पाणीही कॅनभर आणायचे. पहिल्या दिवशी रोपाला नुसतं माहेरचं पाणी. दुसऱ्या दिवशी त्यात थोडं आपलं. तिसऱ्या दिवशी अजून थोडं. असं आठ दिवस. आठव्या दिवशी नुसतं आपलं. मग ते रोप मरत नाही, असं ते म्हणायचे, आणि खरंच त्यांचं रोप मेलेलं मी पाहिलं नाही. माणसाचंही तसंच. परक्या गावात पाऊल टाकलं की पहिला घोट घरचा, मग भेसळ, आणि आठव्या दिवशी तू तिथला. जो एकदम तिथलं पाणी पितो त्याचं पोट बिघडतं, आणि पोट नाही बिघडलं तर डोकं बिघडतं.

"ज्याने पानी नाही बदललं नीट," ते म्हणायचे, "तो तिथला पन होत नाही आनि इथला पन राहत नाही."

हे वाक्य म्हणताना ते कोणाकडे बघत नसत. कारण त्यांचा स्वतःचा मुलगा पाणी न घेता गेला होता.

त्याची गोष्ट अशी. नव्वदच्या दशकात विरारकडे, मनवेलपाड्याकडे, इमारती पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवू लागल्या. रात्री झोपताना मोकळं असलेलं शेत सकाळी चार मजल्यांचं झालेलं मी स्वतः पाहिलंय. आणि उगवलेल्या इमारतीला पाणी लागतं. तेव्हा टँकर यायला लागले. आमच्या रस्त्याने ते असे जायचे की मागे ओली रेघ राहायची, घरापासून थेट हमरस्त्यापर्यंत. शेजारच्या वाड्यांनी विहिरी टँकरला दिल्या. आबांनी दिली नाही. त्यांचा मुलगा तेव्हा तिशीचा, शिकलेला, शांत. तो बापाला म्हणायचा की आपण नाही दिलं म्हणून काय होणार आहे? जमिनीखाली कुंपण नसतं. शेजारी उपसतात ते आपलंही पाणी आहे. ते संपलं की समुद्र आत येणार आणि आपली विहीरही खारी होणार, मग आता मिळतंय ते का सोडायचं?

आबा म्हणायचे, माझी विहीर खारी होणार नाही. तिची मला खात्री आहे.

एकदा आबा बहिणीकडे चांदीपला भात आणायला गेले. दुपारी परत आले तर फाटकात टँकर उभा आणि त्याचा पाइप आपल्या विहिरीत. त्या दुपारचा आवाज मी विसरणार नाही. त्यानंतर टँकर आठ दिवस गासच्या हद्दीत शिरले नाहीत, एवढं सांगतो. आबांनी पाइप ओढून बाहेर काढला, टँकरवाल्याच्या अंगावर फेकला, आणि मुलाला म्हणाले, "तुझी तहान वेगळी झाली. जा, जिथे भागेल तिथे जा."

तो गेला. आधी आखातात, मग इंग्लंडला. जाताना माईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, बाटली भरून फाटकाच्या खांबावर ठेवली होती. ती त्याने नेली नाही. महिनाभर ती तिथेच होती. कोणी हलवायची छाती केली नाही.

आणि विहीर? विहीर मुलगा म्हणाला होता तशीच झाली. पाच-सहा वर्षांत हळूहळू पाणी मचूळ लागू लागलं. आधी उन्हाळ्यात, मग बारा महिने. पानवेलीची पानं कडेला तांबूस व्हायला लागली. डाळ शिजेना. माई गुपचूप नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात डाळ शिजवायच्या आणि आबा जेवताना म्हणायचे, बघ, आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी होते. आम्ही भाडेकरूही हो म्हणायचो. मस्कतच्या पाण्यातली माती ओळखणारा माणूस, रोज सकाळी स्वतःच्या विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायचा आणि आवाज न करता तांब्या उपडा ठेवायचा. सगळ्या गावाला वाटायचं की त्यांना कळत नाही. मला वाटायचं, म्हातारपणी जीभ गेली. पण मग ते एसटी स्टँडचं पाणी कसं ओळखायचे, हा विचार मी कधी केला नाही.

दोन हजार चारच्या आसपास मला इंग्लंडचा व्हिसा मिळाला. त्यावर छापलेलं होतं, वर्किंग हॉलिडे. वडिलांनी तो तीनदा वाचला आणि विचारलं, सुट्टी आहे की नोकरी, एकदा काय ते ठरव. मी सांगितलं की तरुण पोरांनी तिकडे जायचं, जग बघायचं, आणि खर्चापुरतं काम करायचं, अशी ती सोय आहे. आबा विहिरीजवळ बसून ऐकत होते. म्हणाले, "सुट्टीत काम करायला सातासमुद्रापलीकडे कशाला? पानवेल पडलीय, ती बांध." मग थोड्या वेळाने विचारलं, गाव कुठलं?

मी म्हणालो, लीड्स.

आबा उठले आणि वेलींना पाणी द्यायला गेले. त्याच वेलींना त्यांनी सकाळी पाणी दिलं होतं. संध्याकाळी माईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून तांदळाच्या डब्यातून घडी केलेला कागद काढून दिला. त्यावर इंग्रजीत पत्ता होता. मुलगा वर्षातून एकदा माईंना पत्र लिहायचा, शेजारणीच्या नावाने. गाव लीड्सच.

तिकडच्या विमानतळावर माझी बॅग उघडली ती बाटल्यांमुळे. बाटल्या रमच्या, आत बिनरंगाचं काहीतरी, एकीच्या गळ्याला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीचा, दोर. त्या गोऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, पाणी. कुठलं? विहिरीचं. कशाला? आता आबांची रीत इंग्रजीत सांगायची म्हणजे आली का पंचाईत. मी रोपाचं सांगितलं, आठ दिवसांचं सांगितलं, एसटी स्टँडचंही सांगितलं असावं. मागे रांग वाढत वाढत बहुतेक फ्रान्सपर्यंत गेली. शेवटी त्याने बाटली नाकाशी नेली, हुंगली, आणि अगदी हळुवारपणे बॅगेत परत ठेवली. माणसाला वेड लागलंय की दुःख आहे हे न कळल्यावर लोक जसे वागतात तसा तो वागला.

लीड्सला बसमधून उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि अंधार पडत होता. सगळी घरं लाल विटांची, सगळी एकसारखी, जणू एकच घर आरशात घालून हजार वेळा लावलेलं. माझ्या वाट्याला आली ती माळ्यावरची खोली, जिचं छत इतकं तिरकं होतं की मी वर्षभर उजव्या बाजूला वाकून चाललो आणि अजूनही घाईत असलो की तसाच चालतो. घरात अजून दोघे सुट्टीवरचे कामगार होते, एक ऑस्ट्रेलियाचा, एक मलेशियाचा. कोणी कोणाला नाव विचारण्याआधी ऑस्ट्रेलियावाल्याने माझी रमची बाटली पाहिली आणि त्याचे डोळे पाणावले. मी त्याला बोटभर ओतून दिलं. त्याने एका दमात घेतलं, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ते दोघे झोपायला गेल्यावर मी पलंगावर बसलो आणि पहिला घोट घेतला. पाणी गोड होतं. स्वच्छ, थंड, गोड. मी चौथीत असताना जसं होतं तसं. मला वाटलं, ही घरची ओढ. माणूस लांब गेला की खारंसुद्धा गोड लागतं. मी रीतीने वागलो. दुसऱ्या दिवशी थोडं नळाचं मिसळलं, तिसऱ्या दिवशी अजून थोडं. त्या आठ दिवसांत मी हॉटेलच्या धुलाईखान्यात रोज हजार चादरींच्या घड्या घातल्या, गल्ल्या चुकलो, पोलिसाला रस्ता विचारून त्याचाच रस्ता चुकवला. मलेशियावाल्याचं पोट बिघडलं. ऑस्ट्रेलियावाल्याला घरच्या आठवणीने ताप आला. मी शिंकलोसुद्धा नाही. आठव्या दिवशी बाटली संपली आणि मी लीड्सचा झालो. नवव्या दिवशी पहाटे उठून मी रिकामी बाटली तोंडाला लावली. तळाशी एक थेंब होता. तो खाली यायला किती वेळ लागला ते सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या रविवारी दोन बस बदलून मी त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. बसड्रायव्हरचा निळा शर्ट, कानशिलं पांढरी झालेली. मी म्हटलं, गासहून आलोय, तुमच्या वाडीतल्या भाडेकरूंचा मुलगा.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तो कोकण्या ना? फाटकावर बसायचास तो?"

मग चहा झाला. त्याने सगळ्यांची चौकशी केली. सोनचाफा अजून आहे का? चर्चच्या वळणावरचा खड्डा बुजवला का? शेजारच्या कुत्रीचं काय झालं? ती कुत्री मेली त्याला सहा वर्षं झाली होती. आबा सोडून त्याने सगळ्या गावाची विचारपूस केली. मी बाटली टेबलावर ठेवली तसा त्याने चहाचा कप बाजूला सारला.

बाटलीच्या गळ्याची गाठ पानवेल बांधताना मारतात ती होती, एका टोकाला ओढलं की सुटते ती. त्याने सुरी घेतली नाही. योग्य टोक बरोबर हाताला आलं. त्याने पेल्यात थोडं पाणी ओतलं, घोट घेतला, आणि त्या लाल विटांच्या घरात, फ्रिजच्या घरघरीत, त्याचा डावा डोळा मिटला आणि मान किंचित डावीकडे कलली.

मी खोटं सांगत असतो हे मला मान्य आहे. पण तेव्हा रस्त्यावरची वाहतूक थांबली होती.

"खारं झालंय पानी," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातला पेला घेऊन चाखलं. खारं होतं. पण माझी बाटली गोड होती आणि दोन्ही बाटल्या एकाच दिवशी एकाच हाताने भरलेल्या. त्याने पेला परत घेतला आणि उरलेलं सगळं सावकाश प्यायला.

"मी म्हणालो होतो त्यांना," तो म्हणाला. पण जिंकल्यासारखा नाही. कोणाच्या आजाराची बातमी खरी निघावी तसा. मग म्हणाला, "हे त्यांना सांगू नकोस. विचारलंच तर गोड आहे म्हणाला, असं सांग."

त्या वर्षी मी खूप रविवार त्याच्याकडे जेवलो. तो डाळ फार चांगली करायचा. बापाचा विषय निघाला नाही. बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची आणि दर खेपेला तिच्यातलं पाणी जरा कमी झालेलं असायचं. मी एकदा पाहिलं, तो चहाच्या पातेल्यात त्यातलं चमचाभर टाकत होता. रोज एक चमचा. आठ दिवसांत पाणी बदलायचं असतं. हा माणूस महिनोन्‌महिने चमच्याचमच्याने उलटा चालला होता.

मी परतायच्या रविवारी बाटली रिकामी झाली होती. त्याने नळ बराच वेळ सोडून ठेवला, पाणी गारढोण झाल्यावर बाटली गळ्यापर्यंत भरली, तोच वाळका दोर घेतला आणि तीच गाठ मारली. "सांग त्यांना," तो म्हणाला, "थेट नळाचं आहे. इकडे उकळावं लागत नाही."

मी गासला पोचलो तेव्हा आबा ओटीवर बसले होते. वर्षभरात ते निम्मे झाले होते, पण पाठ सरळ. मी पाया पडलो, बाटली पुढे केली. त्यांनी आधी पाणी पाहिलं नाही. गाठ पाहिली. अंगठा तिच्यावरून दोनदा फिरवला. माईंनी आतून पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि दारात उभ्या राहिल्या.

"आपलं पाणी पाजलंस त्याला?"

"हो."

"काय म्हणाला?"

मी शब्द दिला होता. "गोड आहे म्हणाला," मी सांगितलं.

आबांनी बाटली खाली ठेवली. गाठ न सोडताच. पेला माईंच्या दिशेने सरकवला. "मग जीभ गेली त्याची," ते म्हणाले, आणि वेलींकडे बघत बसले. त्यांचा चेहरा मी तोवर तसा पाहिला नव्हता. टँकरच्या दिवशीसुद्धा नाही.

मी माईंकडे पाहिलं. त्या पेला उचलून पदराने पुसत होत्या, कोरडाच पेला. म्हणाल्या, "तुझी बाटली यांनी तिकडच्या आळीतल्या विहिरीवरून आणलेली. अजून गोड आहे ती एकच. पहाटे चालत गेले. त्याचीच तेवढी इथे भरली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, वर्षभर उशिरा. ज्या माणसाला आठ वर्षं मुलाचं नाव घेता आलं नाही, त्याने आपल्या विहिरीचं खारं पाणी मुद्दाम बाटलीत भरून पाठवलं होतं. त्याच्याजवळ दुसरी भाषा नव्हती. आणि उत्तर म्हणून मी त्याला सांगत होतो, गोड आहे.

"आबा, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "खारं झालंय म्हणाला. पहिल्या घोटाला ओळखलं, डोळा मिटून. आणि तुम्हाला सांगू नको म्हणाला."

आबा वळले नाहीत. "अजून काय म्हणाला?"

"मी म्हणालो होतो त्यांना, असं म्हणाला."

पाच-सात श्वास कधीच होऊन गेले होते.

"म्हणाला होता," आबा म्हणाले.

त्यांनी बाटली घेतली, दोर ओढला, गाठ सुटली. माईंकडून पेला घेऊन भरला आणि प्यायला सुरुवात केली. आता इथे मी काहीही वाढवून सांगत नाही. जगातल्या कुठल्याही परक्या गावाचं पाणी त्या माणसाने एका घोटापेक्षा जास्त प्यायलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो पेला संपवला. दुसरा भरला, तो संपवला. तिसऱ्यात बाटली उपडी केली आणि तळाशी राहिलेला थेंब खाली येईपर्यंत हात धरून ठेवला. डावा डोळा मिटला नाही. मान कलली नाही. मी निकालाची वाट बघत होतो. लीड्स कसं आहे, बोलतं का, रांगेने जातं का, थकलेलं आहे का. माईंनी चिठ्ठीसाठी वहीचा कागद आणून ठेवला होता, तो त्यांनी दुमडून परत दिला. बाटली कपाटात गेलीच नाही. ती त्यांनी तिथेच, मांडीशी ठेवली.

आज मी जिथे राहतो तिथे नळाला पाणी कुठून येतं मला माहीत नाही. विचारणारंही कोणी नाही. पण प्रवासाहून आलो की पहिला घोट तोंडात धरतो आणि उगाच डावा डोळा मिटून बघतो. काही कळत नाही. मी कोकण्याच.

त्या दिवशी मी उठून निघालो तेव्हा निरोप सांगायचा राहिलाय हे आठवलं. ओटीच्या पायरीवरून वळून मी म्हणालो, आबा, त्याने सांगितलंय, हे थेट नळाचं आहे, तिकडे उकळावं लागत नाही.

आबा दोर गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तरी उकळून पीत जा म्हणावं," ते म्हणाले.